फेस बसेपर्यंत

"ताई, तुमच्या वडिलांची बाटली थंडगार होती हो," असं लॅबमधली बाई फोनवर म्हणाली, तेव्हा माझा उजवा हात कोपरापर्यंत दुसऱ्याच एका थंडगार पाण्यात होता. डाव्या हाताने फोन कानाला धरलेला, उजव्या हातात रबरी मोजा, मोज्याच्या आत घाम, आणि समोर शहराच्या सांडपाणी केंद्राचा तो शेवटचा हौद, जिथून पाणी नदीला सोडतात. मी म्हटलं, थंड म्हणजे? "म्हणजे पाणीच होतं की जवळजवळ. नळाचं. लघवी आपली नावाला. मागच्या खेपेला पण मला शंका आली होती, पण म्हटलं आजोबा पाणी जास्त पीत असतील. आज मात्र हद्दच झाली. आजोबा स्वतः घेऊन आले, आत्ता घरून आणली म्हणाले, वर मलाच सांगतात, बघा कशी स्वच्छ आहे." मला जे सुचत होतं ते परक्या बाईशी बोलण्यासारखं नव्हतं. "परत आणा ताई, ताजी. आणि या वेळी जरा लक्ष ठेवा," असं म्हणून तिने फोन ठेवला. लक्ष ठेवा! अगं बाई, लक्ष ठेवण्यात माझा जन्म गेला. या क्षणी सुद्धा मी लक्षच ठेवत होते, आणि ज्याच्यावर ठेवत होते तो माणूस माझ्यापासून चार हातांवर उभा राहून, हातात रुमाल घेऊन, आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने आकाशाकडे बघत होता.

मी सरकारी पर्यावरण अभियंता आहे. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी झाडं लावते. एका मावशींनी तर मला बाजूला घेऊन, त्यांच्या बाल्कनीतल्या गुलाबावर कीड का पडते, असं विचारलं होतं. मी शहराची घाण बघते. लाखो लोक सकाळी उठून जे काही मोरीत आणि संडासात सोडून देतात आणि साखळी ओढल्याबरोबर विसरून जातात, ते सगळं पुढे कुठे जातं, नगरपालिका ते नीट साफ करून नदीत सोडते की तसंच ढकलून मोकळी होते, हे बघणं म्हणजे माझी नोकरी. त्यासाठी नमुने घ्यायचे. बाटलीत पाणी भरायचं, बर्फाच्या पेटीत ठेवायचं, प्रयोगशाळेत द्यायचं. नवरा म्हणतो, तुला हे काम अगदी शोभतं, नमुन्यानेच नमुने गोळा करायचे. त्याचा हा विनोद आमच्या लग्नाइतकाच जुना आहे आणि तो दर वेळी तितकाच मनापासून हसतो. आता या नमुन्यांत सगळ्यात जुनी, सगळ्यात सोपी आणि सगळ्यात निर्लज्ज लबाडी कोणती, तर पाणी घालणं. दूधवाला घालतो तसंच. साफ करण्याची यंत्रं बंद पडलेली असतात, हौदात काळं पाणी तुंबलेलं असतं, आणि मॅडम येणार असं कळलं की शेवटच्या हौदात कुठून तरी गुपचूप चांगलं पाणी सोडतात. घाण तेवढीच राहते, पण पातळ होते. मॅडमची बाटली पास होते. मॅडम खूश, साहेब खूश, नदीला कोण विचारतंय.

पण पाणी घालणाऱ्यांना एक गोष्ट कधी लक्षात येत नाही. सांडपाणी कोमट असतं. अशा गारठ्याच्या सकाळी तर हाताला अगदी स्पष्ट कळतं. ते कुणाच्या तरी अंगावरून, कुणाच्या तरी पातेल्यातून, कुणाच्या तरी पोटातून आलेलं असतं, आणि साफ केलं तरी त्याची ऊब एकदम जात नाही. नळाचं पाणी मात्र जमिनीखालून येतं, थंडगार. म्हणून मी बाटली बुडवायच्या आधी हात बुडवते. आज हात बुडवला आणि कळलं. भिंतीपलीकडे टँकर उभा असणार, ताडपत्रीखालून पाइप आलेला असणार. मी वर बघितलं तर केंद्राचा अधीक्षक रुमालाने मान पुसत होता. त्याला सगळे गुलाबपाणी म्हणतात. तपासणीच्या दिवशी तो आपल्या केबिनमध्ये सुगंधी फवारा मारतो आणि त्या वासावर खालच्या हौदांचा वास बसला की जे काही तयार होतं, त्याच्यापेक्षा नुसता मैला परवडला. "मॅडम, बाटली भरायची ना?" तो म्हणाला. मी म्हटलं, "नाही. मी जरा बसते." त्याचा चेहरा पडला. मी बसते म्हटल्यावर काय होतं ते सगळ्या केंद्रांवर माहीत आहे.

ड्रायव्हरने गाडीतून माझं स्टूल आणून दिलं. लोखंडी पायांचं, घडीचं, वर जाड कापड ताणलेलं, त्या कापडालाही दोनदा ठिगळ लागलेलं. मी हे स्टूल सगळीकडे घेऊन हिंडते आणि खात्यात मला पाठीमागे स्टूलवाल्या मॅडम म्हणतात. आमच्या खात्यात या शब्दाचे जे दोन अर्थ होतात, ते दोन्ही म्हणणाऱ्यांच्या मनात असतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. स्टूल माझ्या बाबांचं आहे. बाबा वजनमापे निरीक्षक होते. बाजारातल्या दुकानदारांचे तराजू खरे की खोटे ते बघायचं, वजनांवर शिक्का मारायचा. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरून मेण भरलेलं वजन, बूड वर उचललेलं तेलाचं माप, हे सगळं बाबांनी आयुष्यभर नुसत्या बोटांनी चाचपून पकडलं. मला शाळेला सुट्टी असली की बरोबर न्यायचे. दुकानात शिरलं की दुकानदार आधी खुर्ची पुढे करायचा, मग चहा मागवायचा. बाबा दोन्हीला नाही म्हणायचे आणि काखेतलं स्टूल उघडून रस्त्याच्या कडेला बसायचे. ज्याची तपासणी करायची, त्याच्या खुर्चीवर बसायचं नाही, छटाक, असं ते मला घरी येताना सांगायचे. मी जन्मले तेव्हा इतकी बारकी होते की त्यांनी माझं नाव छटाक ठेवलं, आणि आता माझ्या केसांना कलप लागायला लागला तरी मी छटाकच आहे. खुर्चीवर बसलं की माणूस पाहुणा होतो, म्हणायचे, आणि पाहुण्याला यजमानाची मापं काढता येत नाहीत. आणि दुसरं, घाई करायची नाही. खोट्याला घाई असते. आपण नुसतं बसायचं. गिऱ्हाईक येतं, जातं, दुकानदार किती वेळ ते खोटं वजन पायाखाली दाबून उभा राहणार? मी लहानपणी हे बघितलंय. एक किराणावाला, चांगला धिप्पाड माणूस, शेवटी रडकुंडीला येऊन गल्ल्याखालून खोटं वजन काढून बाबांच्या पुढ्यात ठेवतो आणि म्हणतो, घ्या साहेब, पण आता उठा. आणि बाबांनी ते तळहातावर घेऊन नुसतं जोखलं. अजून तो हात माझ्या डोळ्यांपुढे आहे, जराही न थरथरणारा.

आणि तो माणूस, तो माझा बाप, ज्याने अख्ख्या बाजाराला सळो की पळो करून सोडलं, तो आज सकाळी उठून आपल्या लघवीत नळाचं पाणी घालतो! मला हसावं की रडावं कळेना. खरं तर मला संताप आला होता. अंगाची नुसती आग होत होती. दिवसभर मला उल्लू बनवणारे काय कमी आहेत, की घरचं माणूससुद्धा त्या रांगेत जाऊन उभं राहावं? आणि करायचं तर निदान नीट तरी करायचं! लॅबमधली ती परवाची पोरगी, तिने ओळखलं. पंचविशीतली असेल. माझ्या बापाला तिने रंगेहाथ पकडलं आणि वर दयेने म्हणते, पाणी जास्त पीत असतील. आई असती तर म्हणाली असती, जाऊ दे गं, म्हातारा माणूस आहे. आई सगळ्यालाच जाऊ दे म्हणायची. आई गेल्यापासून बाबा त्या दोन खोल्यांत एकटे राहतात. पुढे हातभर अंगण, न्हाणीघराचा नळ असा की उघडला की भिंतीतला पाइप कुणी आतून बुक्क्या मारल्यासारखा धडधडतो. मी कितीदा म्हटलं प्लंबर पाठवते. नको म्हणतात. तो धडधडला की घरात कुणीतरी आहे असं वाटतं, म्हणतात. मागे त्यांच्या पायांवर सूज आली, डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, मूत्रपिंडं जरा कुरकुर करतायत. एवढ्यात घाबरू नका, पण दर महिन्याला लघवी तपासा. ठीक असली तर राहू देत एकटे. बिघडली तर मात्र पथ्य, गोळ्या, सगळं वेळच्या वेळी, जवळ कुणीतरी हवं. तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यातच त्यांना बजावलं होतं, रिपोर्ट बिघडला की तुम्ही आमच्याकडे, सहाव्या मजल्यावर. मग चर्चा नाही. बाबा कठड्याला धरून उभे होते. मान्य, म्हणाले. मला वाटलं, चला, एक काम झालं.

गुलाबपाणी माझ्याभोवती घिरट्या घालत होता. आधी खुर्ची आणली. मी स्टुलावरच बसून राहिले. मग चहा आणला, तो माझ्या शेजारी कठड्यावर गार होत गेला. मधूनच भिंतीपलीकडे टँकरच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, त्याला दुसरी फेरी असणार, तेव्हा गुलाबपाणी असा खोकला जसा काही तो हॉर्न त्याच्याच छातीतून आला होता. मी हौदाकडे बघत होते. पाणी कसं काचेसारखं, तळाचं शेवाळ दिसत होतं. बघा कशी स्वच्छ आहे. माझ्या डोक्यात ते वाक्य चरकातून फिरल्यासारखं फिरत होतं. तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन. "मॅडम, झालं का? नदीकाठच्या बागेचं उद्घाटन तोंडावर आलंय, वरून सारखी विचारणा होतेय. एक चांगला नमुना घ्या आणि मोकळ्या व्हा." मी म्हटलं, "साहेब, चांगला घेऊ की खरा घेऊ?" "अहो, तुम्ही म्हणजे ना!" ते म्हणाले. "प्रत्येक गोष्टीत काय हो कीस पाडता? सध्या कुठे आहात?" मी म्हटलं, बसलेय. पलीकडून नुसता उसासा ऐकू आला. साहेबही मला चांगले ओळखून आहेत.

शेवटी टँकर रिकामा झाला. भिंतीपलीकडे इंजिन सुरू झालं, आवाज लांब गेला, आणि हळूहळू हौदातल्या पाण्याचा रंग उतरत गेला, म्हणजे खरं तर चढत गेला. आधी फिक्या चहाचा, मग गढूळ, मग तो ओळखीचा करडा, आणि त्यावर तपकिरी फेसाचे लोळ. मी उठून हात बुडवला. कोमट. काय सांगू, त्या घाणेरड्या पाण्याची ऊब हाताला लागली आणि मला जिवात जीव आल्यासारखं झालं. निदान हे तरी खोटं बोलत नव्हतं. मी बाटली भरली. बाटलीच्या गळ्याशी फेस चढला होता, केंद्रावरच्या माणसाने लगेच झाकण पुढे केलं. मी म्हटलं, थांबा, फेस बसू दे. हे मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल! फेसावर झाकण लावलं की बाटली भरल्यासारखी दिसते आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बोटभर रिकामी होते. शिवाय फेस किती वेळात बसतो त्यावरून मला अर्धा रिपोर्ट तिथल्या तिथे कळतो. चांगल्या पाण्याचा फेस बाटली ठेवेठेवेपर्यंत विरून जातो. वाईट पाण्याचा तसाच बसून राहतो, म्हणजे बसतच नाही. हा बसत नव्हता. गुलाबपाणी माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने पहिल्यांदाच रुमाल खिशात ठेवला.

"ब्लोअर बंद आहे, मॅडम," तो म्हणाला. हौदात हवा सोडणारं यंत्र. ते बंद पडलं की पाण्यातले घाण खाणारे जंतू गुदमरतात आणि सगळा खेळ खलास. "तीन वेळा वर कळवलंय. कुणी ढुंकून बघत नाही." मी म्हटलं, "मग टँकर कशाला आणायचा? तसंच दाखवायचं." माझा आवाज चढला होता, आणि मला कळत होतं की तो सगळाच्या सगळा याच्यासाठी नव्हता. "तुमच्यासारखी माणसं पाणी घालतात म्हणून वर सगळं आलबेल दिसतं! आणि म्हणून ब्लोअर येत नाही!" तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. पण मॅडम, रागावू नका, एक सांगू? तुम्ही नापास करता आणि गाडीत बसून निघून जाता. नापास झाल्यावर पुढे काय करायचं, ते कोण सांगतं? शिक्षा तेवढी ठरलेली असते. मग इथे मी आणि हा हौद, दोघंच उरतो." हे बोलून तो स्वतःच दचकला आणि चहा गरम करून आणू का, असं विचारायला लागला. मी बाटली बर्फात ठेवली, अहवालात नापास लिहून त्याखाली ब्लोअर आधी बदला, बाकीचं नंतर, असं ठळक लिहिलं, आणि ड्रायव्हरला म्हटलं, ऑफिसला नको, बाबांकडे चल. वाटेत लॅबमधून एक कोरी बाटली घेतली. त्या पोरीने विचारलं, आजोबा रागावले का हो? मी म्हटलं, आजोबा कसले रागावतायत.

गाडीत मी मनातल्या मनात भांडण तयार करत होते. कसं सुरू करायचं, कुठे त्यांना बोलू द्यायचं, कुठे तोंड बंद करायचं. मला लहानपणापासून ही सवय आहे आणि आजवर एकही भांडण मी तयार केल्याप्रमाणे झालेलं नाही. मनात मधूनच त्यांचा तो कठड्यावरचा हात येत होता. मान्य, म्हणाले होते. किती पटकन म्हणाले होते, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पटकन मान्य म्हणणारा दुकानदार लबाड असतो, हेही त्यांनीच शिकवलेलं. आणि मी तरी काय केलं होतं, मर्यादा ठरवून दिली, शिक्षा सांगितली, आणि रिक्षा आली म्हणून जिना उतरले. छे! पण म्हणून पाणी घालायचं? स्वतःच्या औषधाच्या वाटेत स्वतःच टँकर उभा करायचा?

बाबा अंगणात बसून जुनी पितळी वजनं फडक्याने पुसत होते. आवडता उद्योग. मला बघून हसले, मग त्यांची नजर माझ्या काखेकडे गेली आणि हसणं अर्ध्यावर थांबलं. "स्टूल आणलंस?" ते म्हणाले. "म्हणजे तपासणी आहे."

"हो."

"पूर्वसूचना न देता."

"पूर्वसूचना दिली की टँकर येतो," मी म्हटलं आणि अंगणात स्टूल उघडून बसले. "कसला टँकर?" म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी सकाळची हकीकत सांगितली. भिंत, ताडपत्री, पाइप, हॉर्न, सगळं. बाबा ऐकताना पुढे सरकले. असल्या गोष्टी ऐकताना त्यांचे डोळे अजून विशीतल्या पोरासारखे चमकतात. "भिंतीमागे टँकर? अगदीच बाळबोध!" ते म्हणाले. "निलंबित कर त्याला. लाज नाही वाटत? सरकारचा पगार खातो!" मी म्हटलं, "किती पाणी घातलं होतं माहितेय त्याने? निम्म्याच्या वर." बाबा म्हणाले, "अरे अरे अरे!" मी म्हटलं, "तुम्ही किती घातलंत?"

हातातलं फडकं तसंच राहिलं. शेजारी कुणीतरी रेडिओची स्टेशनं बदलत होतं, कुठलंच धड लागत नव्हतं. बाबांनी वजन पेटीत ठेवलं, त्याच्या खाचेत नीट बसवलं. "एकास तीन," ते म्हणाले. "पहिल्यांदा थोडंच घातलं होतं. मग वाटलं, मागच्यापेक्षा चांगलं दिसायला हवं. प्रमाण चुकलं माझं." आणि हे सांगताना त्यांचा चेहरा अपराध्यासारखा नव्हता हो, चुकलेल्या कारागिरासारखा होता. मापाने मोजून घातलं होतं त्यांनी! शिक्क्याच्या, सरकारमान्य मापाने! मला इतका राग आला की मी उभीच राहिले. "बाबा, ही काय थट्टा आहे? मूत्रपिंडं तुमची जातायत, त्या लॅबवालीची नाही! मी कुणाला फसवायचं शिकवलं होतं तुम्हाला? उलट तुम्हीच मला..." बाबा माझ्याकडे बघत होते. "छटाक, नापास झालेल्या वजनाचं काय करायचो आम्ही?" त्यांनी विचारलं.

"जप्त," मी म्हटलं.

"जप्त करायचो. पोत्यात घालून ऑफिसात नेऊन टाकायचो. कोपऱ्यात पडलेली असायची, वर्षानुवर्षं. चांगली, पितळी. त्यांना कुणी परत हातसुद्धा लावत नसे." बाबा वजनांच्या पेटीकडे बघत बोलत होते. "तुझ्या घरी मला काही कमी पडणार नाही गं. जावई तर देवमाणूस आहे. पण तुझ्या न्हाणीघरातला तो नळ वर उचलायचा की बाजूला फिरवायचा, हे मला दर वेळी विचारावं लागतं. माझ्या बापाने मला हे विचारलं असतं तर मी हसलो असतो. तुम्ही हसत नाही, तुम्ही येऊन उघडून देता." एवढं बोलून ते उठले. "चहा घेणार?"

"तपासणीवर असताना नाही," मी म्हटलं. ते जरा हसल्यासारखे झाले, आत गेले, स्वतःसाठी तांब्याभर पाणी घेऊन आले आणि समोर आपल्या खुर्चीवर बसून पीत राहिले. मी स्टुलावर. कोरी बाटली माझ्या मांडीवर. मी लहानपणी त्या किराणावाल्याच्या दारात अशीच बसले होते, आणि तेव्हा मला बाबांचा केवढा अभिमान वाटला होता, आणि त्या माणसाची अजिबात दया आली नव्हती. आज मला उठून निघून जावंसं वाटत होतं. खरंच सांगते, मनात आलं, जाऊ दे. घालू देत पाणी. येऊ दे चांगला रिपोर्ट, राहू देत इथे, वजनं पुसत, जितके दिवस जातील तितके. सूज वाढली की बघू. आईचं जाऊ दे म्हणणं मला आयुष्यभर बुळेपणा वाटत आलं आणि आता ते माझ्याच जिभेवर येऊन बसलं होतं. पण ते पाय समोर होते. चपलेचा पट्टा सुजलेल्या पावलात रुतलेला, कडेला लाल वळ उठलेला. मी त्या वळाकडे बघत बसून राहिले. मला दुसरं काही येत नाही.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. बाबांनी तांब्या खाली ठेवला, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि माझ्यापुढे हात केला. "दे ती बाटली," म्हणाले. "तू काही उठायची नाहीस." मी बाटली दिली. न्हाणीघराचं दार लागलं. मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले आणि कान देऊन ऐकायला लागले, आपल्या जन्मदात्याच्या मोरीबाहेर, सरकारी अधिकारी, भिंतीला कान लावून. स्वतःची इतकी किळस मला मैल्याच्या हौदाशी कधी आली नव्हती. पाइप धडधडेल. आता धडधडेल. आत खोकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. पाइप गप्प होता. मग दार बोटभर उघडलं आणि फटीतून फक्त हात बाहेर आला, बाटली धरलेला. तो हात थरथरत होता. मी बाटली घेतली, दार लागलं, आणि मग, त्यानंतर, नळ उघडल्याचा आवाज आला आणि पाइप भिंतीत धडधडायला लागला. बाबा हात धूत होते.

बाटली गरम होती. तळहाताला चांगली जाणवेल अशी गरम, माझ्या बापाच्या अंगाची ऊब. आणि वर फेस होता. पांढरा, दाट, गळ्यापर्यंत चढलेला. मी झाकण दुसऱ्या हातात घेऊन उभी राहिले. बाबा पंच्याने हात पुसत बाहेर आले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि आम्ही दोघं ती बाटली उजेडाकडे धरून बघायला लागलो, दोन तपासनीस बघतात तशी.

"अस्सल आहे," बाबा म्हणाले. "झाकण लाव."

"फेस बसू दे, बाबा."

"किती वेळ लागतो?"

"चांगल्याचा लगेच बसतो."

ते पुढे वाकले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी अगदी जवळून बघितलं, जसे ते तराजूचा काटा बघायचे. रेडिओवाल्याला शेवटी कुठलं तरी स्टेशन सापडलं होतं. फेस तसाच होता, जराही खाली आला नव्हता. आयुष्यभर मापं बघितलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही.

"आणि हा नाही बसला तर?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, पण पंच्याचं टोक त्यांनी मुठीत घट्ट आवळून धरलं होतं.

"तर मी बसते," मी म्हटलं. "इथे. तुम्हाला कुठेही नेत नाही."

बाबा अंगणात गेले, माझ्या स्टुलाची घडी घालून ते भिंतीला टेकवून ठेवलं, आणि स्वतःची खुर्ची ओढत आत घेऊन आले. पंच्याने ती पुसली. "बैस," म्हणाले, "चहा टाकतो."

बाटली तशीच हातात धरून मी त्यांच्या खुर्चीवर बसले.